लाइपझिगला येतोयस, तर शनिवारी दुपारी तीनला मोकळा राहा

तुझं लांबलचक पत्र मिळालं. ऑक्टोबरपासून लाइपझिगला मास्टर्स, लहानपणापासूनचा तबला, डिसेंबर आला की पुण्यात सवाईचा मंडप ठरलेला, आणि आता काळजी: ‘ताई, तिकडे गेल्यावर गाणं सुटेल का? तिथल्या मैफली परवडतात का? तबला आणू की नको?’ शेवटी एक वाक्य घाईघाईत लिहिलंयस, की ‘वेस्टर्न क्लासिकलमधलं मला ओ की ठो कळत नाही.’ मी त्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण तुझ्यासारख्याला ते फार लवकर कळायला लागेल असं मला मनापासून वाटतं.

झाकिरभाई गेले तो 2024 चा डिसेंबर. बातमी आली त्या आठवड्यात आम्ही इथली चार मराठी माणसं आमच्या घरी बसलो, त्यांचे जुने सोलो लावले, कुणी फारसं बोललं नाही. आमच्याच इमारतीत ऑर्गन शिकणारी एक मुलगी राहते, तीही आली होती. तिला हातावर टाळी-खाली दाखवली आणि लेहऱ्याकडे, म्हणजे तबल्यामागे फिरत राहणाऱ्या धुनेकडे, कान ठेवायला सांगितलं. सोळा मात्रा तिने लगेच पकडल्या. निघताना म्हणाली, ‘आमच्याकडेही असं एक आहे, उद्या ऐकवते.’ दुसऱ्या दिवशी तिने बाख या जर्मन संगीतकाराची सी मायनरमधली ऑर्गनवरची रचना ऐकवली, पासाकाल्या.

तू येण्याआधी तेवढं ऐकून ये. सुरुवातीला ऑर्गनच्या पायाखालच्या पट्ट्यांवर, फक्त पायांनी वाजवलेली एक धून येते, खोल खर्जात, एकटी. आठ बार, प्रत्येकी तीन मात्रा, म्हणजे चोवीस मात्रांचं आवर्तन, आणि उचल समेच्या एक मात्रा आधी. मग तीच धून पुन्हा पुन्हा येत राहते आणि तिच्यावर हातांचं काम वाढत जातं, अशी वीस आवर्तनं. लेहरा आणि सोलो दोन्ही एकाच माणसाकडे आहेत, असं समज. मधे धून पायांतून निघून वरच्या सुरांत जाते, एकदोन ठिकाणी तिचे सूर सुटे सुटे होऊन विखुरतात, तेव्हा नवखा हरवतो. तू बोटांवर मात्रा मोजत राहा, समेवर बरोबर येशील. त्यानंतर त्याच धुनेच्या पहिल्या अर्ध्यातून फ्यूग सुरू होतो: एक आवाज मुखडा घेऊन येतो, दुसरा तोच मुखडा घेऊन मागून शिरतो, मग तिसरा, चौथा. पहिल्यांदा सगळे आवाज ऐकायचा हट्ट धरू नकोस. एकच आवाज धर, शेवटपर्यंत त्याच्याबरोबर जा, पुढच्या वेळी दुसरा धर.

आता शनिवारचं. इथल्या थॉमस चर्चमध्ये बाख 1723 पासून 1750 मध्ये वारला तोपर्यंत कँटर होता. चर्चचं संगीत, मुलांचं गाणं, शाळेतलं शिकवणं, सगळं त्याच्या अंगावर. नगरपालिकेला खरं तर टेलेमान हा दुसरा संगीतकार हवा होता, तो आला नाही, मग ग्राउपनरला त्याच्या मालकाने सोडलं नाही, तेव्हा बाख. सुरुवातीच्या वर्षांत हा माणूस जवळपास दर रविवारी नवा कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीची अनेक भागांची रचना, लिहून, प्रत्येकाच्या वाट्याचं वेगळं उतरवून घेऊन, पोरांकडून बसवून उभा करत होता. त्या चर्चचा मुलांचा कॉयर 1212 पासून चालत आलेला आहे, आणि तो आजही दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला गातो. त्याला मोटेट म्हणतात. शनिवारी बहुतेक वेळा एक पूर्ण कँटाटा असतो आणि साथीला गेवांडहाउस या इथल्या मोठ्या सभागृहाच्या ऑर्केस्ट्राची माणसं. जगात ज्यांचं नाव घेतात तो हा ऑर्केस्ट्रा, आणि आत जायला दोन-तीन युरोंचा कार्यक्रमाचा कागद विकत घ्यायचा, बस. परवडतं का, या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं.

पाऊण तास आधी रांगेत उभा राहा. गाणारे मागे, वर गॅलरीत असतात, त्यामुळे बऱ्याच जागांवरून ते दिसतच नाहीत, आवाज पाठीमागून आणि वरून येतो. सुरुवातीला मान वळवावीशी वाटते. ती वळवू नकोस. हा कार्यक्रम म्हणजे प्रार्थना आहे, मधे प्रवचन असतं, टाळ्या नसतात. एखादी जागा अशी काही लागते की आपल्या तोंडून ‘वाह’ निघणारच असते आणि ती दाद घशातच ठेवावी लागते. मला ते बरेच महिने जड गेलं. पण त्याने एक झालं: दाद बाहेर पडत नाही तेव्हा जागा मनात जास्त वेळ राहते, हा अनुभव मला सवाईच्या मंडपात कधी आला नव्हता. दोन्ही रीती मला प्रिय आहेत. शाळांना सुट्ट्या असताना मुलं नसतात, पाहुणे कॉयर येतात, तेही ऐक.

गाणं संपल्यावर लोक पुढे वेदीपाशी जातात. तिथे जमिनीत काशाची साधी पाटी आहे, तिच्यावर फक्त नाव. बाखला आधी शहराबाहेरच्या दफनभूमीत पुरलं होतं, खूणही ठेवली नव्हती. 1894 मध्ये अवशेष शोधून काढले, आणि इथे तो 1950 पासून आहे. पाटीवर नेहमी कुणाची तरी फुलं असतात. मी 28 जुलैला, त्याच्या पुण्यतिथीला, एक फूल ठेवून येते. आपल्याकडे गुरुपौर्णिमेला करतो त्याच भावनेने. बाहेर पुतळा आहे, त्याच्या कोटाचा एक खिसा उलटा बाहेर काढलेला आहे, तो बघ.

त्या पुतळ्यापेक्षा मला जवळचं वाटतं ते थोडं पुढे बागेत असलेलं लहानसं स्मारक. 1843 चं, बाखचं पहिलं. ते मेंडेल्सझोन या नंतरच्या काळातल्या संगीतकाराने उभं करवलं, त्यासाठी स्वतः थॉमस चर्चमध्ये ऑर्गन वाजवून पैसे जमवले. येशूच्या अखेरच्या यातनांची कथा गाणारी बाखची मॅथ्यू पॅशन लोक विसरून गेले होते, ती वीस वर्षांच्या मेंडेल्सझोनने 1829 मध्ये बर्लिनला पुन्हा उभी केली होती. आणि याच शहरात 1936 मध्ये, तो ज्यू घरात जन्मला एवढ्यासाठी, गेवांडहाउससमोरचा त्याचा पुतळा नाझींनी एका रात्रीत हलवून नष्ट केला. आज थॉमस चर्चजवळ दिसतो तो 2008 मध्ये नव्याने घडवलेला. ज्याने विसरलेल्याची आठवण करून दिली त्यालाच पुसायचा प्रयत्न झाला, याचा मला तिथून जाताना प्रत्येक वेळी राग येतो. गोल्डश्मिट रस्त्यावर त्याचं राहतं घर आहे, तिथेच तो 1847 मध्ये गेला. रविवारी सकाळी अकराला तिथे छोटी मैफल असते, दिवाणखान्यात. मोठ्या सभागृहापेक्षा आपल्या घरगुती बैठकीचा अनुभव तिथे मिळतो. रॉबर्ट आणि क्लारा शूमान हे संगीतकार जोडपं लग्नानंतर राहिलं ते घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शहरभर पदपथात स्टीलच्या वळणदार पट्ट्या बसवल्या आहेत, त्या धरून चाललं की ही घरं एकामागून एक येतात. साधारण पाच किलोमीटर. पहिल्याच मोकळ्या रविवारी कर.

संगीत विद्यापीठात विद्यार्थ्यांचे कार्यक्रम बहुतेक फुकट असतात, त्यांचं वेळापत्रक दर महिन्याला बघत जा. माझ्या मते नवख्या कानाला यासारखी जागा नाही: छोटं सभागृह, वाजवणारा तुझ्याच वयाचा, आणि त्याची धडधड पहिल्या रांगेत ऐकू येते. गेवांडहाउसला विद्यार्थ्यांना सवलत आहे, ओळखपत्र जवळ ठेव. कपड्यांची चिंता करू नकोस, नीटनेटका शर्ट पुरे. एकाच रचनेच्या दोन भागांच्या मधे टाळी वाजवायची नाही, सगळे वाजवतील तेव्हा वाजव. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी दर घरामागे महिन्याला 18.36 युरो सक्तीने भरावे लागतात, खोली वाटून राहिलास तर सगळ्यांत मिळून एकदाच. भरायचेच आहेत, तर सार्वजनिक रेडिओचं संगीत मनसोक्त ऐक. शहराच्या ग्रंथालयात संगीताचा स्वतंत्र विभाग आहे, तिथून स्वरलिपीच्या वह्या घरी आणता येतात.

भटकंतीसाठी देशभर चालणारं लोकल-प्रादेशिक गाड्यांचं मासिक तिकीट आहे, 2026 पासून 63 युरोंना. विद्यार्थ्यांना ते सत्राच्या फीमध्ये मिळतं का, हे विद्यापीठाला आधी विचार. त्या तिकिटावर हाले हे गाव जवळच, तिथे हेंडेल या संगीतकाराचं जन्मघर. बाख आणि हेंडेल एकाच वर्षी, 1685 मध्ये, एकमेकांपासून इतक्या जवळ जन्मले आणि आयुष्यात कधी भेटले नाहीत. नाउमबुर्गच्या चर्चमधला ऑर्गन 1746 मध्ये स्वतः बाखने तपासून पास केला होता. उन्हाळ्यात तिथे भर दुपारी बाराला छोटा कार्यक्रम असतो. पण मला सगळ्यांत आवडतं ते लाइपझिगच्या दक्षिणेचं श्ट्योर्मटाल नावाचं खेडं. एक छोटं चर्च, समोर झाडं, कोळशाच्या खाणीत पाणी भरून झालेला मोठा तलाव. आतल्या छोट्या ऑर्गनचं उद्घाटन बाखने 2 नोव्हेंबर 1723 ला केलं, त्यासाठी कँटाटा सादर केला, आणि तेच वाद्य आजही वाजतं. कार्यक्रम असेल त्या दिवशीच जा, एरवी दार बंद असतं.

आयझेनाखला, बाखच्या जन्मगावी, संग्रहालयात दर तासाला जुनी वाद्यं प्रत्यक्ष वाजवून दाखवतात. एका लहान ऑर्गनला हवा भरायला श्रोत्यांपैकी कुणाला तरी पुढे बोलावतात. मी गेले होते. पट्टा ओढला की भाता वर उचलला जातो आणि मग आपल्या वजनाने हळूहळू खाली बसतो, तो पुरता बसायच्या आत पुन्हा ओढायचा, आणि तोही असा की आवाजाला हिसका बसू नये. पेटीवर भात्याचा हात सांभाळतो तेच काम. आपल्या नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ बालगंधर्वांच्या काळापासून आहे, तो पायाने हवा भरायचा, पत्तीच्या सुरांचा. असे ऑर्गन बनवणारा मानबोर्गचा कारखाना लाइपझिगमध्येच होता, सुरुवात जवळच्या बोर्नाला 1889 मध्ये. माझे आजोबा नाटक कंपनीतल्या ऑर्गनबद्दल तासन्‌तास बोलायचे. हे कळलं तेव्हा मी बोर्नाला एक चक्कर मारून आले, नुसतं गाव बघायला.

आर्नश्टाटलाही जा. तिथे नोकरीला असलेला वीस वर्षांचा बाख 1705 मध्ये चार आठवड्यांची रजा काढून ल्युबेकला निघाला, चारशे किलोमीटरहून लांब, चालत, बुक्स्टेहुडे या थोर वादकाचा ऑर्गन ऐकायला. परतला तो जवळपास चार महिन्यांनी, आणि चर्चच्या मंडळींनी त्याची कानउघाडणी केली. गदगहून गुरूच्या शोधात पळालेल्या लहानग्या भीमसेनची गोष्ट ऐकत आपण वाढलो, त्यामुळे ही गोष्ट तुला समजावून सांगायला नको.

आता आपलं गाणं. खरं सांगते, हिंदुस्थानी मैफली लाइपझिगमध्ये क्वचित होतात. बर्लिनला त्यामानाने जास्त, पण वेगवान गाडीला ते मासिक तिकीट चालत नाही, प्रादेशिक गाडीने गेलास तर वेळ हाताशी ठेव. म्हणून घरची बैठक चालू ठेवावी लागते. आमची आहे, एखाद्या रविवारी संध्याकाळी, ज्याच्या घरी जमेल त्याच्या घरी. पेटी आहे, तबलजी नाही. त्यामुळे तबला आण. हातोडी सामानाच्या मोठ्या बॅगेत टाक, हातातल्या बॅगेत ती अडवतील. एक जादा पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, आणि ती ताणायची वादी घे, इथे मिळणं कठीण. हिवाळ्यात खोली गरम केली की हवा कोरडी पडते, पुडी ताणते आणि सूर चढतो, म्हणून हीटरपासून दूर, कापडी पिशवीत ठेव, वाजवून झालं की फार चढलेला सूर उतरवून ठेव.

रियाजाची भीती नको. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी जास्त जपायचं. पण घरात वाद्य वाजवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असं इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2018 मध्ये एका ट्रंपेटवाल्याच्या खटल्यात म्हटलं आहे. कामाच्या दिवशी दोन-तीन तास, सुट्टीला एक-दोन, असा ढोबळ अंदाजही दिला आहे. तरी आल्या आल्या वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना भेट, वेळ विचार, आणि डग्ग्याखाली जाड सतरंजी घाल.

तू येशील तेव्हा ऑक्टोबर, म्हणजे पहिला डिसेंबर तुझा सवाईविना. त्या महिन्यात थॉमस चर्चमध्ये बाखचा ख्रिसमस ऑरेटोरिओ होतो, म्हणजे गाण्यांतून सांगितलेली येशूजन्माची कथा. त्याची सुरुवातच टिंपनीने आहे. पहिल्या बारमध्ये दुसरं कुणी नाही, फक्त दोन नगारे, एक षड्जात आणि दुसरा खालच्या पंचमात लावलेला. त्याची तिकिटं मात्र दोन-तीन युरोंची नसतात आणि लवकर संपतात. विक्री सुरू झाली की मी कळवते, तुझं एक काढायचं का ते लगेच सांग.