ऑफिसचा संगणक आणि घरचे सॉफ्टवेअर

प्रश्न : मी एका कंपनीच्या लेखा विभागात काम करते. रोज तीस-चाळीस बिलांच्या पीडीएफ जोडून त्यांची एकच फाइल करावी लागते. घरी त्यासाठी मी एक मोफत प्रोग्रॅम वापरते. तोच ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकायला गेले, तर स्क्रीन मंद झाली आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागणारी चौकट समोर आली. आयटी विभागाकडे विचारणा केली, तेव्हा ‘परवानगी नाही’ एवढेच उत्तर मिळाले. सहकारी म्हणतात, त्याच प्रोग्रॅमची पोर्टेबल, म्हणजे संगणकावर न बसवता चालणारी, आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालवा, पासवर्ड लागत नाही. तसे करावे का? आणि माझ्यावर एवढा अविश्वास कशासाठी?

उत्तर : तसे करू नका. अविश्वासाचे म्हणाल, तर ती चौकट तुमच्याकडे पाहून उभी केलेली नाही. विंडोज एक्सपीच्या काळात बहुतेक जण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच लॉग इन करत असत आणि त्यामुळे चुकून उघडलेल्या कोणत्याही प्रोग्रॅमच्या हाती संपूर्ण संगणकाच्या किल्ल्या जात असत. 2007 मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही चौकट दिसू लागली. घरच्या संगणकावर ती फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ विचारते, कारण तिथे मालक तुम्हीच असता. ऑफिसात तुमचे खाते साधे असते, म्हणून ती पासवर्ड मागते.

मात्र ही चौकट राखण करते ती संगणकाच्या सामाईक भागाची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फाइलींची आणि सर्वांसाठी बसवलेल्या प्रोग्रॅमची. तुमच्या स्वतःच्या फोल्डरमधून किंवा पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या प्रोग्रॅमला तिथे हात लावावा लागत नाही, म्हणून पासवर्डही लागत नाही. पण पासवर्ड विचारला नाही म्हणजे परवानगी मिळाली, असे नव्हे. शिवाय असा प्रोग्रॅम तुमच्या नावाने चालतो, त्यामुळे जे तुम्हाला उघडता येते ते सगळे त्यालाही उघडता येते : बिले, पुरवठादारांचे बँक तपशील, विभागाचे सामाईक फोल्डर. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरला तुमचे काम ठप्प करण्यासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व्हावेच लागते असे नाही. लेखा विभागातील साध्या खात्याचे अधिकारही त्याला पुरतात.

‘मी फक्त अधिकृत संकेतस्थळावरूनच डाउनलोड करते’ असे तुम्ही म्हणाल. सवय चांगली आहे, पण तेवढ्याने भागत नाही. संगणकाची साफसफाई करणारा सीक्लीनर हा नावाजलेला मोफत प्रोग्रॅम 2017 मध्ये सुमारे महिनाभर कंपनीच्या अधिकृत मार्गानेच, अस्सल डिजिटल स्वाक्षरीसह (प्रोग्रॅम कंपनीचाच असल्याची खूण), आत घातक कोड घेऊन वाटला जात होता. सुमारे 22 लाख 70 हजार संगणकांवर तो पोहोचला आणि त्यांतून हल्लेखोरांनी मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचे मोजके संगणक वेचून पुढचा हल्ला केला. दुसरे उदाहरण लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीचे आहे. 2022 मध्ये तिच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकावर प्लेक्स या करमणुकीच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती होती. त्यातील त्रुटीवरची दुरुस्ती 2020 मध्येच उपलब्ध झाली होती, पण ती घेतलेली नव्हती. तेवढ्या फटीतून शिरलेल्यांनी त्याच्या कळफलकावरची टंकने टिपून मुख्य पासवर्ड मिळवला. वैयक्तिक प्रोग्रॅम टाकतानाचा क्षण सर्वांच्या लक्षात राहतो. तो अद्ययावत कोण ठेवणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. आयटी विभागाची खरी अडचण तीच आहे, कारण यादीत नसलेल्या प्रोग्रॅमची दुरुस्ती त्यांना करता येत नाही.

परवान्याचा मुद्दा याहून वेगळा आहे आणि बहुतेकांच्या तो गावीही नसतो. ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ अनेकदा ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ एवढाच असतो. दूरचा संगणक हाताळू देणाऱ्या टीमव्ह्यूअर या प्रोग्रॅमचे तसेच आहे. घरी बिनधास्त वापरलेली गोष्ट ऑफिसात वापरली की ती विनापरवाना ठरते आणि मागणीपत्र तुमच्या नावे न येता कंपनीच्या नावे येते.

जाता जाता सांगतो, पीडीएफ जोडून देणाऱ्या संकेतस्थळांवर ती बिले चढवण्याचा मोहही टाळा. तिथे लॅपटॉपवर काहीच बसवावे लागत नाही हे खरे, पण कंपनीचे कागद अनोळखी सर्व्हरवर जातात.

आता आयटी विभागाविषयी. ‘परवानगी नाही’ हे दोन शब्द म्हणजे उत्तर नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. पेन ड्राइव्हचे सल्ले अशाच उत्तरांतून जन्माला येतात. तरीही दुसरा अर्ज करताना तुम्ही प्रोग्रॅम मागू नका, काम मांडा. रोज किती फाइली जोडाव्या लागतात, हाताने केल्यास किती वेळ जातो, हे लिहा. तुमचा प्रोग्रॅम कोणता, कोणत्या आवृत्तीचा आणि कोणत्या परवान्याचा, हे नोंदवा. आणि शेवटी ‘हा चालणार नसेल, तर याच कामासाठी कंपनीकडे मंजूर असलेले काय आहे?’ असे विचारा. हा अर्ज विभागप्रमुखांमार्फत केलात तर उत्तम. पुष्कळदा कंपनीने विकत घेतलेले पीडीएफचे सॉफ्टवेअर आधीच असते, फक्त तुमच्या लॅपटॉपवर ते कोणी बसवलेले नसते.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी माझ्या ऑफिसच्या संगणकावर अ‍ॅडमिन राइट्स होते, तेव्हा मी व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेली, प्रत टाकली. आता तपासणी होणार आहे. ती गुपचूप काढून टाकू का?

उत्तर : नको. कंपन्यांच्या संगणकांवरील सॉफ्टवेअरची यादी बहुधा आपोआप गोळा होत असते, त्यामुळे प्रोग्रॅम काढला तरी तो होता याची नोंद राहू शकते. शिवाय काढण्याची तारीखही तपासणीच्या आदल्या दिवसाची दिसेल. पण त्याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. क्रॅक बसवताना ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना बहुधा असते. तुम्ही ती पाळली असेल, तर त्या काही मिनिटांत सोबत आणखी काय आले, हे अनइन्स्टॉल करून कळणार नाही आणि जाणारही नाही. त्या संगणकावर आता कोणताही पासवर्ड टाइप करू नका, महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदला आणि तपासणीची वाट न पाहता आयटी विभागाला स्वतः लेखी कळवा. अँटीव्हायरस बंद केला होता का, हे ते सर्वांत आधी विचारतील. त्याचे खरे उत्तर द्या.