तपकिरी थर दिसला म्हणून घाबरू नका
समुद्री माशांच्या नव्या, खाऱ्या पाण्याच्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर चढणारा तपकिरी थर बहुधा डायटम या सूक्ष्म शैवालाचा असतो आणि पाण्यातील सिलिकेट (त्याला वाढायला लागणारा क्षार) संपत आले की तो आपोआप ओसरतो, त्यामुळे औषध ओतण्याची घाई करू नका. हिरव्या केसाळ शेवाळाचे मात्र तसे नाही; त्याला नायट्रेट आणि फॉस्फेट ही पोषकद्रव्ये आपणच पुरवत असतो. म्हणून टाकीसाठीचे समुद्री मीठ नेहमी आरओ-डीआय पाण्यातच, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही काढून टाकलेल्या पाण्यातच, कालवा (स्वयंपाकघरातला आरओ पुरेसा नसतो), गोठवलेले खाद्य गाळणीत धुऊन, मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच द्या आणि दिवे टायमर लावून 8 तासांच्या आसपास ठेवा. वाढलेले झुपके हाताने बुडापासून उपटून टाकीबाहेरच काढा; सगळे काम गोगलगायींवर सोपवणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. फॉस्फेट शून्यावर आणण्याचा हट्टही तूर्त नको.