300 पेपरवाले सर की 40 पेपरवाल्या मॅडम?

तुमचा प्रश्न असा की भाचीला पुण्यात ताऱ्यांवर पीएचडी करायचीय, गाईड म्हणून दोन नावं समोर आहेत, सरांचे 300 च्या वर पेपर (म्हणजे शोधनिबंध) आणि एच-इंडेक्स 60 च्या पुढे, मॅडमचे जेमतेम 40 पेपर, मग सरांकडेच जायला हवं ना? मी याच विषयात पीएचडी करून नंतर आयटीत गेलो (पुण्यात राहून दुसरं काय होणार), कोणाची बाजू घ्यायचं कारण उरलेलं नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. नुसत्या त्या दोन आकड्यांवरून काहीच ठरवू नका.

एच-इंडेक्स 60 म्हणजे त्या माणसाच्या किमान 60 पेपरांना प्रत्येकी किमान 60 सायटेशन आहेत, म्हणजे तितक्या दुसऱ्या पेपरांनी त्यांचा संदर्भ दिलाय, बस एवढंच. हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने 2005 मध्ये हे माप काढलं. पेपर एकट्याने लिहिलाय की हजार जणांनी मिळून, हे त्यात धरतच नाहीत, आणि खगोलशास्त्रात खरा घोळ तिथेच होतो. 2016 चा गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा सापडल्याचा पेपर बघा, हजारावर लेखक, आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेतले लोकही त्यात आहेत. मग 2017 मध्ये दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याचं सापडलं तेव्हा जगभरच्या दुर्बिणींनी मिळून जो पेपर काढला त्यावर तर 3000 च्या वर नावं. यातल्या प्रत्येकाच्या खात्यात सगळीच्या सगळी सायटेशन जमा होतात. त्यांनी काम केलं नाही असं मी अजिबात म्हणत नाही, लहरी टिपणारे डिटेक्टर सांभाळणारी मंडळी रात्रीचा दिवस करतात, पण मोजताना मात्र सब घोडे बारा टक्के.

दुसरा प्रकार डेटा आणि सॉफ्टवेअरचा. गाया उपग्रहाचा 2018 चा डेटा आला, 130 कोटींच्या वर ताऱ्यांचे पॅरलॅक्स (आपली जागा बदलली की तारा किंचित सरकलेला दिसतो ते माप), म्हणजे अंतरं काढायची सोय झाली, तेव्हापासून ताऱ्यांवर पेपर लिहायचा आणि गायाचा पेपर साईट करायचा नाही हे जवळपास अशक्यच झालंय. तसंच मेसाचं, ताऱ्याचं आयुष्य कॉम्प्युटरवर चालवून बघायचा हा कोड, 2011 मध्ये त्याचा पहिला पेपर आला, पुढे दर काही वर्षांनी नवीन भाग, सायटेशन हजारोंनी. मला विचाराल तर ती सगळी कमावलेलीच आहेत, कारण तो कोड फुकट वाटलाय आणि अर्धं जग त्यावर चालतं. फक्त कोड वापरणाऱ्याचा पेपर आणि कोड लिहिणाऱ्याचा पेपर एकाच तराजूत टाकू नका.

आणि श्रेय कोणाला मिळतं हाही वेगळाच विषय आहे. सेसिलिया पेन या मुलीने 1925 च्या प्रबंधात आपल्या मेघनाद साहांचं 1920 चं समीकरण (तापलेल्या वायूतले किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात ते सांगणारं) वापरून दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. हेन्री नॉरिस रसेल हे त्या काळचं बडं प्रस्थ, त्यांनी सांगितलं हे शक्यच नाही, आणि बिचारीला स्वतःच्याच प्रबंधात लिहावं लागलं की हे प्रमाण जवळपास नक्कीच खरं नाही. 1929 मध्ये रसेल दुसऱ्या वाटेने त्याच उत्तरावर पोचले, पेनचं नाव त्यांनी घेतलं, पण बराच काळ गाजावाजा रसेलचाच झाला. पीएचडीच्या पोरीच्या कामाचं पुढे काय होणार हे वरच्या माणसावर किती अवलंबून असतं ते यात दिसतं, म्हणून मी गाईडचे पेपर मोजत बसण्याऐवजी त्याच्या विद्यार्थ्यांचे पेपर बघतो.

ते कसं बघायचं सांगतो. गूगल स्कॉलर बाजूला ठेवा, तिथे एकाच नावाची दोन माणसं कधी कधी एकत्र होतात. नासाचं एडीएस उघडा, खगोलशास्त्राचे पेपर शोधायची वेबसाइट, फुकट आहे. ऑथरच्या जागी आडनावाच्या आधी ते टोपीसारखं चिन्ह टाका, कीबोर्डवर 6 च्या बटणावर असतं ते. मग फक्त पहिलं नाव त्यांचं असलेले पेपर येतात. आपल्या विषयात बहुतेक वेळा पहिलं नाव म्हणजे ज्याने खरं काम केलं तो. 300 चे 15 झाले तरी दचकू नका, सीनियर माणसाचं तसंच होतं, त्याचे विद्यार्थी पुढे आलेले असतात. पण आलेत का ते मात्र नक्की बघा. इन्स्टिट्यूटच्या पानावरून जुन्या विद्यार्थ्यांची नावं घ्या आणि तीही तशीच टाका. पाच वर्षं घासून पहिल्या नावाचा एकच पेपर असेल आणि सरांचे त्याच काळात 60, तर समजून जा. एडीएसच्याच मेट्रिक्समध्ये नॉर्मलाइज्ड सायटेशनही बघा, ती लेखकांच्या संख्येने भागलेली असतात, मॅडम तिथे सरांच्या जवळ आल्या तर मला तरी नवल वाटणार नाही.

बाकी इतक्या आधी डोकं पिकवू नका. आयुका आणि एनसीआरए (पुण्यातलीच रेडिओ खगोलशास्त्राची संस्था) दोन्हीकडे आधी कोर्सवर्क असतं, गाईड नंतर ठरतो. भाचीला उन्हाळ्याच्या प्रोजेक्टला अर्ज करायला सांगा आणि आली की कॅन्टीनमध्ये तिथल्या पीएचडीच्या पोरांशेजारी बसून विचारू दे, पेपरचा पहिला ड्राफ्ट दिला की सर किती दिवसांनी वाचतात.