अजून किती रगडायचं?

प्रश्न : बाई, मी परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातला. पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतोय. सामान्य अध्ययनात गुण चांगले पडतात, पण सीसॅटमध्ये, म्हणजे उतारे आणि गणितांच्या दुसऱ्या पेपरात, पात्रतेपुरतेही मिळत नाहीत आणि पूर्व परीक्षेतच गाडी अडते. आण्णा दर फोनला म्हणतात, ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.’ अभ्यासिकेच्या भिंतीवरही हीच ओळ आहे. आता ती वाचली की छाती दडपते. अजून किती रगडायचं?

उत्तर : अरे, त्या श्लोकाच्या पुढच्या तीन ओळी तुला कुणी सांगितल्याच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. भर्तृहरीच्या नीतिशतकातला हा श्लोक वामन पंडितांनी १७व्या शतकात मराठीत आणला. तहानलेल्याची तहान एक वेळ मृगजळाने भागेल, रानात हिंडताना सशाचं शिंगही सापडेल, ‘परंतु मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी’, असा तो संपतो. हट्टी मूर्खाची समजूत काढणं किती अशक्य, हे कवीला सांगायचंय. त्यासाठी त्याने जगातल्या अशक्य गोष्टी ओळीने मांडल्या. वाळूचं तेल त्यातलीच एक. विद्यार्थ्याने वाळू रगडत बसावं, असा सल्ला त्यात नाहीच. वर्गात मी हा श्लोक चारही ओळींसकट पाठ करून घ्यायचे, पहिली ओळ तोडून फळ्यावर लिहू द्यायचे नाही.

चिकाटीसाठी तुकोबांकडे जा. ‘ओलें मूळ भेदी खडकाचें अंग’ या अभंगात पुढे येतं, ‘दोरें चिरा कापे पडिला कांचणी’. तुमच्याकडे जुना आड असेल तर काठाच्या दगडावर हात फिरवून बघ. पोहऱ्याच्या दोराने पडलेल्या खाचा हाताला लागतील. काहींत अख्खं बोट बसतं. सुंभाच्या दोराची दगडापुढे काय ताकद? पण पाणी शेंदणाऱ्या बायकांच्या कित्येक पिढ्यांनी तो त्याच जागी सोडला, तिथेच ओढला.

आता तुझं. सीसॅटला २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण लागतात. ते नसतील तर पहिला पेपर कितीही चांगला जाऊ दे, उपयोग नाही. मला दाट शंका आहे की रोज उठून तू इतिहास आणि राज्यघटनाच पुन्हा काढून बसतोस, कारण ते येतं. उतारे आणि गणितं नकोशी, म्हणून ती उद्यावर जातात. दिवस भरतो, पाठ दुखते, पण दोर चिऱ्याला लागतच नाही. पुढचे दोनतीन महिने सकाळचा ताजा वेळ उताऱ्यांना दे. घड्याळ लावून ८० प्रश्न, दोन तास. चुकलेल्या उत्तराला गुण कापतात, तेव्हा कुठले प्रश्न सोडायचे हेही शिक. दर रविवारचे गुण वहीत लिही. आकडा वर सरकत असेल तर थांबू नकोस. हलतच नसेल, तर दुसरी वाट धरताना लाज वाटून घेऊ नकोस. राज्यसेवा म्हणजे माणसाच्या लायकीचा दाखला नव्हे.

आण्णांवर रागावू नकोस. सीसॅट काय असतं ते त्यांना ठाऊक नाही. धीर द्यायला जवळ आहे ती ओळ ते देतात. तूही फोनवर नुसतं ‘चाललंय’ म्हणू नकोस. दिवाळीला जाशील तेव्हा दोन्ही पेपरांचे गुण त्यांच्यापुढे ठेव, कुठे अडतंय ते दाखव, आणि खोलीभाडं, मेस धरून पुढच्या वर्षाचा हिशेब दोघं मिळून मांडा.