रातचे जेवण

चि. ओवीस, अनेक आशीर्वाद.

आजीकडे जेवायला रात्रीचे आठ का वाजतात, आणि इथे लीड्सला तुझ्या मैत्रिणीकडे सहालाच जे भरलेले ताट येते त्याला ‘टी’ का म्हणतात, असे तू विचारले आहेस. दोन्हींचे उत्तर कामाच्या वेळांत आहे.

उत्तर इंग्लंडच्या कष्टकरी घरांत मुख्य जेवण दुपारी होई आणि त्यालाच ‘डिनर’ म्हणत. तुझ्या शाळेतले दुपारचे जेवण अजून ‘स्कूल डिनर’ आहे ते त्यामुळेच. गिरणीतून दमून आलेली माणसे संध्याकाळी चहासोबत पाव आणि मांस पोटभर खात, म्हणून त्या जेवणाला चहाचे नाव पडले. सधन शहरी घरांतले डिनर मात्र 18 व्या आणि 19 व्या शतकांत सरकत सरकत रात्रीवर गेले. जर्मनीत पुष्कळ घरी गरम जेवण दुपारीच होते आणि संध्याकाळी पाव, चीज यांवर भागते. स्पेनमध्ये तर रात्रीचे नऊ-दहा सहज वाजतात.

आपल्या दर्यापूर तालुक्यात सकाळचे जेवण आणि रातचे जेवण, एवढेच म्हणतात. पण खरा मान रातच्या जेवणाला आहे. सध्या निंदणाचे दिवस आहेत. दुपारची भाकर जो तो धुऱ्यावर बसून, सवड मिळेल तशी खातो. दिवस मावळताना बायका घरी येतात, मग चूल पेटते, तुरीचे वरण शिजते, ज्वारीच्या भाकरी थापल्या जातात, आणि घरची सगळी माणसे तेव्हा कुठे एकत्र बसतात. दिवसभर शेतात राबून आजी पुन्हा चुलीपाशी बसते, त्याला उशीर म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तू पाणी भरायला आणि ताटे मांडायला आपणहून उठत जा. याहून उशीर तिलाही चालत नाही, कारण रानडुकरे आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून काकाला जागलीला जायचे असते, आणि उपाशी माणसाला ती जागलीवर जाऊ देत नाही.

श्रावण सोमवारी हा क्रम बदलतो. दिवसभराचा उपास संध्याकाळी सोडायचा असल्याने स्वयंपाकाला उजेडीच सुरुवात होते. तुला उपास धरायचा असेल तर आजीला रविवारीच सांग, म्हणजे ती उसळीसाठी साबुदाणा भिजत घालील.

तुझी,
आई