लेखनशंका: विशेषणांचा सोस आणि क्रियापदाची ताकद

प्रश्न : माझी कथा ‘विशेषणांचा सोस आवरा’ अशा शेऱ्यासह परत आली. सगळी विशेषणं काढून पाहिली, तर वाक्यं कोरडी पडली. नेमकी कोणती ठेवू? (एक वाचक, सांगली)

सरसकट कात्री लावू नका. आधी बघा, नामातूनच जे कळतं ते विशेषण पुन्हा सांगतंय का. ‘थंडगार बर्फ’, ‘घनदाट अरण्य’, ‘निरागस बाळ’ यांतलं विशेषण काढलं तरी चित्र तसंच राहतं, म्हणून काढा. ‘कोमट चहा’तलं मात्र ठेवा. चहा गरम असतो हे वाचक धरूनच चालतो. कोमट म्हटल्यावर कप बराच वेळ तसाच राहिलाय हे न सांगता समजतं.

दुसरी चाळण मताची. सुंदर, विलक्षण, भयानक, अप्रतिम ही लेखकाची मतं झाली, त्यांतून दिसत काहीच नाही. ‘सुंदर जुनी साडी’ऐवजी ‘पदराशी विरलेली इरकल’ लिहा. विशेषण इथेही आहेच, पण ते माहिती देतं.

हिरवागार, पिवळाधमक, लांबलचक अशा जोडशब्दांत तीव्रता आधीच भरलेली असते, तेव्हा त्यांच्याआधी ‘खूप’ किंवा ‘अतिशय’ नको. शिवाय हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. केस काळेभोर, अंधार काळाकुट्ट. कुंकू लालभडक, रागाने चेहरा लालबुंद. उलट्या बाजूला तीव्रता उतरवणारे ‘-सर’ आणि ‘-ट’ हे प्रत्यय आहेत. ‘पिवळसर कागद’ नुसता रंग सांगतो. ‘पिवळट’ म्हटलं की नापसंती डोकावते, मळकट-तेलकटमध्ये डोकावते तशीच. पात्राच्या नजरेतून लिहिताना एवढ्या एका प्रत्ययावर बरंच काम भागतं.

प्रश्न : क्रियाविशेषणं टाळावीत असा सल्ला सगळीकडे वाचते. पण मग ‘तो रागाने म्हणाला’, ‘ती हळुवारपणे म्हणाली’ याला पर्याय काय? (एक वाचक, नाशिक)

पर्याय क्रियापदातच आहे. खेकसणे, पुटपुटणे, कुरकुरणे, सुनावणे या शब्दांत रीत आलेलीच असते. ‘रागाने खेकसला’ ही द्विरुक्ती. पण म्हणून प्रत्येक संवादाला नवं क्रियापद जोडू नका. ‘म्हणाला’ वाचकाला जाणवतही नाही, आणि तेच बरं. संवादातच राग असेल तर तेवढं पुरतं.

मराठीची खरी सोय पुढे आहे, आणि नवे लेखक ती फार कमी वापरतात: संयुक्त क्रियापदं. ‘त्याने अखेर धीर करून सगळं सांगितलं’ याऐवजी ‘त्याने सगळं सांगून टाकलं’. ‘त्याने नकळत सगळं सांगितलं’ याऐवजी ‘तो सगळं सांगून गेला’. आणि सांगितल्याचा पस्तावा असेल, तर ‘तो सगळं सांगून बसला’. टाकणे, जाणे, बसणे या छोट्या क्रियापदांनी ‘अखेर’, ‘नकळत’, ‘दुर्दैवाने’ यांचं काम केलं आणि वाक्य बोलल्यासारखं राहिलं. ‘-पणे’ लावून शब्द लांबतो, दोन-तीन ओळींत तीनदा आला की गद्य सरकारी पत्रासारखं वाजू लागतं.

धाडकन, ढसाढसा, तरातरा हे नादशब्द अस्सल आहेत, जरूर वापरा. मात्र ‘जोरात धाडकन’ नको. लागोपाठच्या वाक्यांत ‘पटकन उठला, झटकन वळला, खाडकन थांबला’ आलं की गंभीर प्रसंगाचं हसं होतं. एका परिच्छेदात असा एक शब्द पुरे. ‘डोळ्यांत टचकन पाणी’ तर इतकं झिजलंय की ते वाचून कुणाच्याच डोळ्यांत येत नाही.

कच्चा खर्डा हातात घ्या आणि ‘-पणे’, ‘-पूर्वक’ आणि रीत सांगणारे ‘-ने’चे शब्द (आनंदाने, घाईने, ‘चाकूने’ नव्हे) अधोरेखित करा. क्रियापदाच्याच दिशेने जाणारा शब्द खोडा. उलट्या दिशेने ओढणारा राखा. ‘तिने रागाने पत्र फाडलं’ यात नवं काही नाही. ‘तिने काळजीपूर्वक पत्र फाडलं’ म्हटलं की वाचक थबकतो. इथे ‘-पूर्वक’ हवंच.

प्रश्न : ‘जुन्या शाळेतल्या शिक्षकांनी’ यात जुनं काय, शाळा की शिक्षक? (एक वाचक, पणजी)

दोन्ही अर्थ निघतात. जुना-जुनी-जुनं हा फरक सामान्यरूपात (पुढच्या नामाला प्रत्यय लागला की होणाऱ्या रूपात) पुसला जाऊन सगळीकडे ‘जुन्या’ होतं, त्यामुळे लिंग-वचनावरून उलगडा होत नाही. विशेषण त्याच्या नामाला चिकटवा: ‘शाळेतल्या जुन्या शिक्षकांनी’. शाळाच अभिप्रेत असेल तर ‘आधीच्या शाळेतल्या’ म्हणा. ‘फक्त’चंही असंच आहे. ‘फक्त त्याने चहा घेतला’ म्हणजे बाकीच्यांनी घेतला नाही. ‘त्याने फक्त चहा घेतला’ म्हणजे पोह्यांची बशी तशीच राहिली.