मुंबईतल्या कुंडीत पॉपी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दसऱ्याच्या सुमारास शर्ली पॉपीचं बी कुंडीत टाकलं. आठवडाभरात दाट हिरवी लव आली, पण पुढच्या चार दिवसांत सगळी रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. पाणी रोज, न चुकता देत होतो. चूक कुठे झाली? (मुलुंड)

उत्तर: पेरणीची वेळ चुकली आणि रोजच्या पाण्याने उरलंसुरलं बिघडवलं. ऑक्टोबरात मुंबईचा पारा ३३-३४ अंशांवर असतो आणि हवा दमट. अशा ओल्या, उबदार मातीत पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशी झपाट्याने वाढतात आणि कोवळ्या देठाचा बुडखाच कुजवतात. हीच रोपमर. आडवं झालेलं रोप वाचत नाही. ती माती पेरणीसाठी पुन्हा वापरू नका.

पॉपीला थंडी लागते आणि मुंबईत ती जेमतेम अडीच महिने असते. म्हणून पेरणी १५ नोव्हेंबर ते डिसेंबरचा पहिला आठवडा एवढ्याच काळात करा. कुंडी किमान १० इंच खोल आणि बुडाशी मोकळी भोकं असलेली घ्या. दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चाळलेलं गांडूळखत असं मिश्रण पुरतं. वाळू चौपाटीवरची आणू नका, तिच्यातलं मीठ मुळांना मारक ठरतं. निव्वळ कोकोपीटही नको, ते ओल फार धरून ठेवतं.

आदल्या संध्याकाळी कुंडी भिजवून निथळू द्या. चिमूटभर बी त्याच्या दहापट कोरड्या वाळूत मिसळा आणि मिठासारखं भुरभुरा. शर्ली आणि आइसलँड पॉपीच्या बियांना उगवायला उजेड लागतो, त्यामुळे वर माती पसरू नका, फक्त तळहाताने हलकं दाबा. झारी वापरली तर बी एका कडेला वाहून जातं. त्याऐवजी कुंडी पाण्याच्या परातीत पंधरा मिनिटं ठेवून उचला आणि वरचा थर फिका दिसू लागला की पुन्हा तसंच करा. आठ ते पंधरा दिवसांत अंकुर दिसतील.

मग विरळणी. हाताने उपटू नका, शेजारच्या रोपाची मुळं हलतात. लहान कात्रीने मातीलगत कापा. १० इंची कुंडीत शेवटी तीनच रोपं ठेवा. उगवलेली रोपं कापताना जीव तुटतो, हे खरं. पण दाटीत ओल कोंडते, रोपमर परत येते आणि वाचलेल्या रोपांना धड एक फूलही येत नाही.

प्रश्न: ट्रेमध्ये छान उगवलेली रोपं कुंडीत हलवली, तर आठवड्यात सुकली. (ठाणे)

उत्तर: पॉपीचं सोटमूळ सरळ खाली जातं. ते दुखावलं की रोप सावरत नाही. बी थेट कायमच्या कुंडीतच पेरा. रोपं करायचीच असतील, तर वर्तमानपत्राच्या कागदाचे पेले करा आणि चौथं पान येण्याआधी पेल्यासकट लावा.

प्रश्न: जानेवारीत कळ्या आल्या, पण सगळ्यांनी माना टाकल्या आहेत. पाणी वाढवू का? (दादर)

उत्तर: नको! शर्ली आणि आइसलँड पॉपीची कळी अशीच खाली झुकलेली असते. उमलायच्या आधी देठ आपोआप ताठ होतो, केसाळ आवरणाचे दोन भाग गळून पडतात आणि चुरगळलेल्या पाकळ्या उलगडतात. पानंही मलूल झाली असतील तरच ती तहान समजा. बोट इंचभर मातीत घालून पाहा आणि कोरडं लागलं तर सकाळी पाणी द्या. कॅलिफोर्निया पॉपीची कळी मात्र उभीच असते. ती उष्णता आणि कोरडेपणाही जास्त सोसते, त्यामुळे मुंबईत नवख्यांनी तिच्यापासून सुरुवात करावी. तिच्या बियांवर २-३ मिलिमीटर मातीचा थर चालतो.

प्रश्न: अनारशांसाठी आणलेली खसखस उरली आहे. ती पेरली तर पॉपी येईल ना? (गिरगाव)

उत्तर: उगवेलही, पण ते झाड अफूचं असेल. अमली पदार्थांबाबतच्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यानुसार परवान्याशिवाय अफूची लागवड गुन्हा आहे, शोभेसाठी चार रोपं लावली तरी. केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांतच परवाने देतो. खसखस स्वयंपाकात बिनधास्त वापरा, पेरू मात्र नका. बियांची पाकिटंही नीट वाचा. ‘पिओनी पॉपी’ नावाने विकलं जाणारं देखणं दुहेरी फूल अफूच्याच जातीचं, म्हणजे पापाव्हर सोम्निफेरम असतं. तिची पानं निळसर राखाडी, गुळगुळीत आणि देठाला बिलगलेली असतात. शर्लीची (पापाव्हर ऱ्हिआस) पानं चिरलेली आणि केसाळ असतात.

प्रश्न: सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत पॉपीसारखी पिवळी फुलं आलेलं काटेरी झाड आहे. कुंडीत आणू का? (कांदिवली)

उत्तर: तो पिवळा धोत्रा असावा. पान तोडून पाहा, पिवळा चीक निघाला तर शंका नको. कुळ पॉपीचंच, पण झाड विषारी. १९९८ साली दिल्लीत याच्या बियांच्या तेलाची मोहरीच्या तेलात भेसळ होऊन अनेकांना जलशोथ, म्हणजे अंगावर पाणी धरून सूज येण्याचा आजार झाला होता. मुलं खेळतात तिथे तर ठेवूच नका.

प्रश्न: देठ लांब, लुळे झालेत आणि कळ्यांवर मावाही आहे. (बोरिवली)

उत्तर: नत्र जास्त आणि ऊन कमी झालं की देठ असे होतात. युरिया किंवा ताजं शेणखत बंद करा. रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. ग्रिलमध्ये तीनच तास येत असेल, तर पॉपीचा हट्ट सोडलेला बरा. माव्यासाठी एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा, पाच दिवसांनी पुन्हा. उमललेल्या फुलांवर फवारू नका, मधमाश्या येतात.

शर्लीचं फूल एक-दोन दिवसच टिकतं. पाकळ्या गळताच बोंड खुडत राहिलात, तर नव्या कळ्या येत राहतात. शेवटची दोन-तीन बोंडं बियांसाठी राखा. ती तपकिरी झाली आणि हलवल्यावर खुळखुळू लागली की कापून कागदी पिशवीत उलटी करा. पावसाळ्यात बी उघडं राहिलं तर बुरशी धरते. सुकवून, घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजमध्ये ठेवा आणि बाटलीवर जात आणि वर्ष लिहा.